छत्तिसावं चक्र

पहिलं डुक्कर मेलं तेव्हा मी जीपमधून उतरत होते. एक पाय जमिनीवर, एक अजून पायरीवर आणि हातात बर्फाचा डबा. ओढ्याच्या काठावर पंधरा-वीस माणसं पाठमोरी उभी होती आणि त्यांच्या मधून किंकाळी येत होती. तो आवाज माणसाच्या इतका जवळचा होता की कुणा बाईला मारतायत असंच मला आधी वाटलं. मग गर्दी फाकली. एक काळी, जाडजूड मादी पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत पाण्याकडे निघाली होती. तिची कंबर मोडली होती. एका माणसाने फावडं उलटं धरून दांडा दोन्ही हातांनी वर उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. पहिल्या फटक्याला ती मेली नाही. तिसऱ्याला मेली.

जीपचे चालक कदम हलक्या आवाजात म्हणाले की मॅडम, परत आत बसा, आपण नंतर येऊ. मी बसले नाही. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. माझ्या डब्यात झाकणाच्या बारा नव्या कुप्या होत्या, त्या भरून दुपारी तीनच्या आत प्रयोगशाळेत पोचायचं होतं, आणि समोर जे चाललं होतं त्याचा माझ्याशी संबंध आहे हे मला अजून कळलेलं नव्हतं.

बोरजाईला मी दुसऱ्यांदा आले होते. पहिल्यांदा आले ती पाचच दिवसांपूर्वी. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं. पाण्यात आणि मातीत कोणते जिवाणू राहतात, कुणाबरोबर राहतात आणि कुठून येतात, हा आमच्या प्रयोगशाळेचा विषय. बोरजाईत आठ दिवसांत जुलाब-उलट्यांनी तीन माणसं गेली होती. दोन म्हातारी माणसं, आणि तिसरी सरपंच जयसिंगआबांची धाकटी सून. बावीस वर्षांची, पाच महिन्यांची पोटुशी. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने विहिरीचं पाणी तपासून कळवलं होतं की त्यात विष्ठा मिसळली आहे. कुणाची, हे त्या तपासणीत कळत नाही. ती नुसती आहे की नाही एवढंच सांगते.

गावाला मात्र ते कळलेलं होतं. घरोघरी संडास बांधल्याबद्दल आदल्याच वर्षी गावाला बक्षीस मिळालं होतं, वेशीवर तशी कमान उभी होती. एकशेचाळीस घरं, एकशेचाळीस संडास. उघड्यावर कुणी बसत नाही, मग घाण येणार कुठून? गावाबाहेर यल्लाप्पा वडाराचं एकच घर, त्याची पंचवीस-तीस डुकरं दिवसभर ओढ्यात लोळायची, आणि ओढा विहिरीला खेटून वाहायचा. तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी आमच्या उपासनी सरांचे विद्यार्थी होते. त्यांनी सरांना फोन करून विचारलं की ही विष्ठा कुणाची हे नक्की सांगता येईल का. गाव तापलं आहे, लवकर सांगितलंत तर बरं.

सरांनी मला बोलावून विचारलं की तू कशी तपासशील. ते असंच शिकवायचे, प्रश्न टाकून गप्प बसायचे. मी तीन वाटा सांगितल्या. जिवाणू बशीत वाढवून बघायचे, पण बशीत वाढायला तयार होणारे शंभरातले एक-दोन, बाकीचे दिसतच नाहीत. किंवा पाण्यातला सगळा डीएनए काढून सगळ्यांचीच हजेरी घ्यायची. ते उत्तम, पण नमुने हैदराबादला पाठवावे लागतील, उत्तर यायला तीन आठवडे. तिसरी वाट खुणेची. माणसाच्या, गाईच्या, डुकराच्या आतड्यात राहणारे काही जिवाणू आपापल्या घराला इतके चिकटून असतात की त्यांच्या डीएनएचा एखादा तुकडा दुसरीकडे सापडत नाही. तो तुकडा पाण्यात आहे का, एवढंच यंत्राला विचारायचं. दोन दिवसांत उत्तर.

सर म्हणाले, "खूण चांगली. पण खूण जेवढं विचारशील तेवढंच सांगते. निदान तीन लाव. माणूस, गाय, डुक्कर."

मी हो म्हणाले.

त्या पहिल्या फेरीत विहिरीचं पाणी घेऊन झाल्यावर मी यल्लाप्पाच्या घरी गेले. दुसऱ्या देशात शोधलेली खूण इथल्या डुकरांना लागू पडते का, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी इथल्याच डुकराची ताजी विष्ठा हवी. तिला आम्ही कंट्रोल म्हणतो. तो नसेल तर निकालाला अर्थ नाही. यल्लाप्पा पन्नाशीचा असेल. रुंद खांदे, पापण्यांवर दगडाची धूळ. मला काय हवंय ते ऐकून तो बायकोकडे बघून हसला. तीन वेगवेगळ्या डुकरांची त्याने पळसाच्या पानांवर आणून दिली.

"घ्या ताई," तो म्हणाला. "एवढ्या मानानं आजवर कुणी मागितली न्हवती."

त्याची बायको नागव्वा मागून म्हणाली, "आनि पायजे असली तर सांगा. त्याला काय तोटा न्हाई आमच्यात." ती सांगताना हसली नाही, म्हणून मलाच हसू आलं.

मग गावात आले. माणसांचाही नमुना हवा होता, तीन-चार घरांतला. आबांच्या ओसरीवर मला चहा दिला. आत बायका बसल्या होत्या, सुनेचा सहावा दिवस होता. भिंतीवर बक्षीस घेतानाचा फोटो होता. अशा घरात, अशा दिवशी, कुप्या पुढे करून तुमची विष्ठा द्या म्हणायचं, हे मला जमलं नाही. माझ्याबरोबर आरोग्यसेवक खरात होते, त्यांच्या कानात सांगायचाही मला संकोच वाटला. मी चहा पिऊन उठले. डुकराचा नमुना मागायला मला संकोच वाटला नव्हता, हे त्या दिवशी माझ्या लक्षातही आलं नाही.

प्रयोगशाळेत मी डुकराची खूण लावली. गाईचीही लावली, शेण काय कुठेही मिळतं. माणसाची नाही लावली, कारण कंट्रोल नव्हता. मी नियमाने चालणारी मुलगी. वहीत मी तसं लिहूनही ठेवलं, शाईने, तारखेसकट.

ते यंत्र डीएनएचा तुकडा दर चक्राला दुप्पट करत जातं. पाण्यात तुकडे भरपूर असले तर वीस-बावीस चक्रांतच रेघ वर चढते. थोडे असले तर उशीर लागतो. चाळीस चक्रं संपली तरी रेघ चढली नाही तर तो तुकडा नाही. गाईची रेघ चढलीच नाही. डुकराची रेघ चढली छत्तिसाव्या चक्राला. म्हणजे होतं, पण अगदी नावाला.

दुपारी तीन चाळीसला खरातांचा फोन आला. ते म्हणाले की मॅडम, गाव ऐकत नाही, आहे का नाही एवढंच सांगा. मी म्हणाले, आहे, पण फार कमी, छत्तिसाव्या चक्राला म्हणजे जवळजवळ... त्यांनी आभार मानून फोन ठेवला. ग्रामपंचायतीत सगळ्यांच्या मधे उभं राहून त्यांनी तो फोन लावला होता, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी सरांनी विचारलं की माणसाची रेघ कुठे आहे. मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, उद्या सकाळी जा आणि घेऊन ये.

म्हणून मी बारा कुप्या घेऊन त्या ओढ्यावर उभी होते.

काठावर आणि पाण्यात मिळून आता आठ-नऊ डुकरं पडलेली होती. एकाचं पोट फाटलं होतं, तरी ते पाय झाडत होतं. ओढ्याचं पाणी एका बाजूने तांबडं होऊन विहिरीच्याच दिशेने चाललं होतं, आणि ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. खरात बाजूला एका दगडावर बसून ओकत होते. कुडाच्या खुराड्यापुढे नागव्वा हात पसरून बसली होती, आत पिलं होती. तिच्या कपाळावरून रक्त ओघळून डोळ्यात गेलं होतं आणि एका डोळ्याने ती समोरच्यांकडे बघत होती.

यल्लाप्पाला दोघांनी दंडाला धरून गुडघ्यावर बसवलं होतं. तोंड सुजून त्याचा एक गाल काळा पडला होता. त्याच्यासमोर आबांचा धाकटा मुलगा रणजित उभा होता, ज्याची बायको गेली तो. दाढी वाढलेली, अंगात कालचाच सदरा. आबा ओढ्याच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते, हातात काठीसुद्धा नव्हती.

त्यांनी मला पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. "आल्या मॅडम," ते म्हणाले. कुणाला तरी त्यांनी मॅडमना खुर्ची आणा असंही सांगितलं. माणसं बाजूला सरून मला वाट देऊ लागली. ज्याने त्या मादीला मारलं होतं त्याने हातातला दांडा अंगामागे घेतला, थोरांसमोर विडी लपवावी तसा. त्या वाटेने मी मधे गेले. माझ्या चपलेखाली काहीतरी मऊ आलं, मी खाली बघितलं नाही.

आबा म्हणाले की हा म्हणतो, तपासणी खोटी आहे. तुम्ही स्वतः केलीत, तुमच्या तोंडून ह्याला एकदा ऐकू दे.

मी काही बोलायच्या आत यल्लाप्पाच बोलायला लागला. ओठ फुटल्यामुळे शब्द नीट येत नव्हते, पण तिथे इतकी शांतता झाली होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"डुकरं पान्यात जात्यात, म्या न्हाई म्हनत न्हाई," तो म्हणाला. "पर तुमच्या संडासाचं खड्डं म्या खणल्यात आबा. एकशेचाळीस. ह्या हातानं. आठ फुटावं खडक लागला, सगळा फुटका. वतलं पानी उभ्या उभ्या गडप व्हतंय त्यात. म्या तवाच बोललो, हितं नगं, हे विहिरीत उतरंल. तुमी म्हनला, नकाशात धा फूट हाय, धा फूट खण."

गर्दीत कुणीतरी त्याला आईवरून शिवी दिली.

मग यल्लाप्पाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी शिकलेल्या. मानसाचं बी असंल न्हवं पान्यात? सांगा की ह्यांना."

असेल, हे मला ठाऊक होतं. तो हे बोलत असताना माझ्या डोक्यात खडकाच्या भेगा, विहिरीची पातळी, खड्ड्यांची खोली सगळं एका रेषेत येऊन बसलं होतं. कुणी वर्गात विचारलं असतं तर मी फळ्यावर चित्र काढून दाखवलं असतं. पण माझ्या हातात आकडा नव्हता. आणि आकडा नसताना बोलायचं नाही, हे मी सहा वर्षं शिकत आले होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नागव्वाही, तिच्या एका डोळ्याने.

"ती तपासणी मी अजून केलेली नाही," मी म्हणाले.

"आणि डुकराची?" आबांनी विचारलं.

"केली."

"निघालं?"

"निघालं. पण प्रमाण फार..."

"बास," आबा म्हणाले, आणि पुन्हा जाऊन कठड्यावर बसले.

यल्लाप्पाचा घण त्याच्याच दारात भिंतीला टेकून ठेवलेला होता. रणजित तो घेऊन आला. तो चालत गेला आणि चालत आला, अजिबात घाई न करता. कुठल्या हाताने खणलेस, असं त्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता त्या दोघांनी यल्लाप्पाचा उजवा हात ओढून काठावरच्या धुण्याच्या दगडावर दाबून धरला. नागव्वा खुराडं सोडून धावली. तिला कुणीतरी केसांना धरून मागे खेचलं आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी मोकळ्या खुराड्यावर डिझेल ओतून पेटवून दिलं. पिलांचा आवाज फार वेळ आला नाही.

घण दोनदा पडला. पहिल्यांदा यल्लाप्पा ओरडला. दुसऱ्यांदा ओरडला नाही, फक्त त्याचे पाय मातीत घासले गेले. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी कोमट उडालं. मी तिथून तीन पावलांवर होते. नंतर फौजदारांनी मला अंतर विचारलं तेव्हा मी तीन पावलंच सांगितली, आणि कुणी मारलं ते नावानिशी लिहून दिलं. माझा जबाब अगदी बिनचूक होता.

घण टाकून रणजित तिथेच खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून हुंदके देऊन रडायला लागला. माणसं त्याला उठवायला गेली. यल्लाप्पाकडे बघायला कुणाला सवड नव्हती, म्हणून आम्हाला त्याला उचलता आलं. कदमांनी जीप काठापर्यंत आणली. मी डबा उघडून बर्फ काढलं, कुप्या तिथेच ओतून टाकल्या. नागव्वाने लुगड्याचा पदर फाडून हात गुंडाळला. त्याला आता हात म्हणता येत नव्हतं, कातड्याच्या पिशवीत मोडकी हाडं आणि चिखल एवढंच होतं. तिने ती पिशवी दोन्ही ओंजळींत धरून मांडीवर घेतली. पंचवीस किलोमीटर ती एकच वाक्य बोलली, तेही कदमांना. खड्डा आला की हळू घ्या.

हात मनगटाच्या वर चार बोटांवर कापावा लागला.

त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी प्रयोगशाळेत पोचले. आंघोळ केली नव्हती. सर वाट बघत थांबले होते. मी त्यांना काहीच सांगितलं नाही, विहिरीच्या पाण्याचा जुनाच डीएनए फ्रीजमधून काढला आणि माणसाची खूण लावायला बसले. कंट्रोल नव्हता तो केला.

दुसऱ्या दिवशी मी दोन आलेख शेजारी शेजारी छापून सरांपुढे ठेवले. डुकराची रेघ छत्तिसाव्या चक्राला. माणसाची बाविसाव्या. मधे चौदा चक्रं, दर चक्राला दुप्पट. दोन, चार, आठ, सोळा, असं चौदा वेळा केलं की सोळा हजारांच्या वर जातं. दोन खुणांची अगदी काटेकोर तुलना अशी करता येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण सोळा हजार म्हणजे सोळा हजार. त्या पाण्यात डुकराचं एक असेल तर माणसाचं सोळा हजार होतं.

सरांनी आलेख बराच वेळ बघितला. "माणसाचा कंट्रोल कुठून आणलास?"

"माझाच," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "तो पाच दिवसांपूर्वीही तुझ्याजवळ होता."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात अहवाल घेऊन मी आबांकडे गेले. सर येतो म्हणाले होते, मी एकटी जाते म्हटलं. कदम दारात जीप चालू ठेवून बसले. आबांनी मराठीत टंकलेला तो एक कागद दोनदा वाचला. मला वाटलं होतं, ओरडतील. निदान अहवाल खोटा आहे म्हणतील.

"म्हणजे आमचंच," ते म्हणाले.

"हो."

"आमच्या संडासाचं."

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. माझ्या सुनेनं, एवढं म्हणून ते थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. रणजित माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला होता. जामिनावर सुटून येऊन त्याला दोनच दिवस झाले होते. त्याने सगळं ऐकलं. तांब्या माझ्यापुढे ठेवला, मी तो उचलते का हे बघत क्षणभर उभा राहिला आणि आत गेला.

आबा म्हणाले की खड्डे बुजवून घेऊ, विहीर उपसून औषध टाकू, वरच्या बाजूला नवी विहीर खणायचं आधीपासूनच मनात होतं. सगळं शांतपणे, एकामागून एक. कुणीही कुणावर हात उचलला नाही, कुणाच्या दारात काही पेटलं नाही. घाण कुणाची हे कळल्यावर गावाला एकदम समज आली होती. यल्लाप्पाचं मी विचारलं तर म्हणाले, ते गेले. त्यांना कुणी जा म्हणालं नाही, तेच गेले.

मी पाणी न पिता उठले.

ते कुठे गेले हे शोधायला चार महिने लागले. कदमांच्या ओळखीतून पत्ता मिळाला. चाळीस किलोमीटरवर एक खडीची खाण होती, तिथे पालं टाकून वडारांची दहा-बारा कुटुंबं राहिली होती. मी रविवारी बसने गेले, बरोबर अहवालाची एक प्रत घेतली. का घेतली, ते सांगता येणार नाही. दोघांपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं.

यल्लाप्पा पालाच्या सावलीला बसला होता, उजव्या हाताच्या टोकाला फडकं बांधलेलं. मला ओळखून त्याने हळूच पाठ फिरवली आणि दुसरीकडे बघत बसला. मी त्याच्या पाठीशी बोलू शकले नाही. नागव्वा थोडी लांब उन्हात खडी फोडत होती. पायांच्या मधे दगड धरायचा, हातोडी घालायची, तुकडे डावीकडे सरकवायचे. कपाळावर जखमेची गुलाबी रेघ होती. ती बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. रेघा, चक्रं, सोळा हजार. खड्ड्यांबद्दल यल्लाप्पा म्हणाला ते शब्दन्‌शब्द खरं निघालं, हेही सांगितलं. ती ऐकत होती, पण हातोडी थांबत नव्हती.

"म्हंजी मानसाचंच निगालं," ती म्हणाली.

"हो."

"मग आता कुनाला मारलं त्यांनी?"

"कुणाला नाही."

तिने मान डोलावली, हे तर तिला माहीत असल्यासारखी. दोन दगड फोडले. मग हातोडी हातात तशीच धरून तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तवा तुला ठाव न्हवतं व्हय?"

"नाही. तपासणी झाली नव्हती."

"मग ठाव न्हाई म्हनायचं व्हतं की," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कुनाचं हाय अजून ठाव न्हाई, थांबा. एवडंच."

खाणीत कुठेतरी सुरुंग लावणार होते, त्याची शिट्टी वाजत होती. आजूबाजूची माणसं आपापल्या जागी काम करत राहिली, म्हणजे तो लांबचा असणार. मी अहवालाची घडी मुठीत धरून बसले होते.

नागव्वाने नवा दगड ओढून पायांत धरला आणि हातोडी उचलली. उचललेली तशीच ठेवून ती थांबली, मी तिथेच बसले आहे म्हणून.

"बाजूला हो," ती म्हणाली. "कपची उडती. डोळा जाईल."

मी बाजूला झाले.